मागून म्हणणारं कुणीतरी

माहेरी माझी अशी ख्याती आहे की मी सगळ्यांचं भलं करत सुटते. हे कौतुक नव्हे. "आली बघ, आता हिचं भलं सुरू होणार," अशा सुरात ते म्हटलं जातं. भाचीचं लग्न ठरत नव्हतं तेव्हा मी तिला इतकी स्थळं सुचवली, की शेवटी तिनं घाईघाईनं स्वतःच जमवलं. नवऱ्याचं पित्त, शेजारणीची सून, वॉचमनच्या पोराचं गणित, मी कशातही हात घालते. पन्नाशी उलटल्यावर हा आजार बळावला, कारण गुडघे दुखायला लागले आणि बसल्या जागी फोनवरून भलं करता येतं असा शोध मला लागला.

त्यात आमच्या ऑफिसात एका बाईंनी मन आनंदी कसं ठेवावं यावर भाषण दिलं. बाई तरुण होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या, आणि बोलताना इतक्या हसत होत्या की मला त्यांच्या गालांची काळजी वाटायला लागली. त्या म्हणाल्या, अध्यात्मासाठी डोंगरावर जावं लागत नाही, ते रोजच्या जगण्यातच असतं. रोज कुणाशी तरी मनापासून बोला. थोडा वेळ शांत बसून स्वतःच्या श्वासाकडे लक्ष द्या. मला सगळं पटलं. मला कुठलंही भाषण पटतं. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याला मी मनापासून विचारलं, "कैसे हो भैया? घर में सब ठीक?" तो दचकलाच. म्हणाला, "क्या हुआ मॅडम, कल का टमाटर खराब निकला क्या?" आणि श्वासाकडे लक्ष द्यायला बसले तर घोरायला लागले, असं नवरा सांगतो. नवरा वाढवून सांगतो, पण खोटं बोलत नाही.

हे सगळं मी हसत सांगतेय खरी, पण सांगायचं आहे ते दादाबद्दल.

दादा माझा मोठा भाऊ. तो घाटकोपरला, मी मुलुंडला. होळीच्या आसपास वहिनी गेली. फुप्फुसाचा आजार होता. शेवटचं वर्ष घरात ऑक्सिजनचं मशीन घुरघुरत होतं आणि नाकात नळी लावून वहिनी त्याच्याशेजारी बसून लसूण सोलत होती. मूलबाळ नाही. ती गेली आणि दादा सतराव्या मजल्यावर एकटा उरला.

सतरावा मजला हे आमच्या घराण्याला नवीनच. आमचे आजोबा तिकडे जालन्याकडून आले ते याच जागी, टेकडीच्या उतारावर पत्र्याच्या खोलीत राहिले. मी तिथंच वाढले. खोल्या इतक्या चिकटून होत्या की एका घरात शिंक आली तर तिसऱ्या घरातून "जगा!" असा आवाज यायचा. मध्ये विहार होता. तोही पत्र्याचाच, पण जमीन शहाबादी फरशीची, आणि फरशी पुसायची पाळी घराघरात लागलेली. मग बिल्डर आला, वस्ती उठली, आम्ही इकडेतिकडे भाड्यानं पांगलो आणि बऱ्याच वर्षांनी टॉवर उभा राहिला. जे परत आले ते एकमेकांच्या डोक्यावर राहायला लागले. तळमजल्यावर, मीटर रूमच्या बाजूला, सोसायटीला एक खोली मिळाली. सकाळी ती बालवाडी असते, संध्याकाळी विहार. मूर्तीच्या मागच्या भिंतीवर ससा आणि कासव आहेत. त्यांना कुणी हरकत घेतली नाही.

दादा आमच्या सगळ्या गोतावळ्याचा आवाज होता. बारसं असो, लग्न असो, कुणाच्या नव्या घरात शिरायचं असो, वंदना सांगायला दादाच. आमच्यात त्रिसरण-पंचशील म्हणताना एकजण ओळ सांगतो आणि बाकीचे ती मागून म्हणतात. सांगणाऱ्याचा आवाज चांगला असला तर मागच्यांचाही चांगला लागतो. दादाचा आवाज खर्जातला, दमदार. फक्त त्याला घाई फार. वहिनी सगळ्यांसमोर म्हणायची, "अहो, गाडी सुटतेय का?" मग दादा पुढची ओळ मुद्दाम इतकी लांबवायचा की पोरं फिदीफिदी हसायची आणि वहिनी पदराआड तोंड लपवायची.

वहिनी गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळ्यांनी सवयीनं दादाकडे बघितलं. त्यानं नाही म्हणून मान हलवली. भन्तेजींनी वंदना घेतली. दादा मागून म्हणणाऱ्यांत बसला होता, पण ओठ हलत नव्हते. त्यानंतर तो खालच्या खोलीत गेलाच नाही.

मी रोज फोन करायचे.

"जेवलास?"

"हो."

"काय जेवलास?"

"जेवलो."

"अरे, पण काय?"

"तू चौकशी अधिकारी आहेस का गं?"

सुरुवातीला एवढं तरी बोलायचा. मग फोन उचलणंच कमी झालं. जून उजाडेपर्यंत त्याच्या शर्टाच्या कॉलरमध्ये माझी दोन बोटं सहज जायला लागली. मी त्याला ओढून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी रक्त, साखर, छातीचा फोटो, सगळं बघितलं आणि म्हणाले, "रिपोर्टमध्ये काही नाही. माणूस जेवत नाही त्याला मी कसली गोळी देऊ? यांना माणसांत न्या. असंच वजन उतरत राहिलं तर दिवाळीपर्यंत ॲडमिट करायची वेळ येईल, आणि मग मला पुढचं सांगता येणार नाही."

दादा बाहेर आल्यावर म्हणाला, "चांगला आहे डॉक्टर. फार बोलत नाही."

मला मात्र काम मिळालं. दादाला माणसांत न्यायचं. आणि माणसं कुठं होती? तर खाली, बालवाडीत. आषाढ पौर्णिमा जवळ आली होती. तिथून पुढे आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास, म्हणजे रोज संध्याकाळी विहारात आधी वंदना, मग ग्रंथवाचन. जुन्या वस्तीत वाचन दादाच करायचा. मी मनाशी ठरवून टाकलं की पौर्णिमेला दादा खाली उतरणार, लोकांत बसणार, हळूहळू वाचायला लागणार आणि वाचायला लागला की जेवणारही. माझ्या डोक्यात सगळं एकापुढे एक लागलेलं होतं. नवरा म्हणाला, "त्याला विचारलंस?" मी म्हटलं, "विचारायचं काय त्यात?"

पौर्णिमेला मी ऑफिसातून अर्धा दिवस सुट्टी काढून गेले. दादाला पांढरा शर्ट काढून दिला. त्यानं निमूट घातला. आम्ही लिफ्टनं खाली आलो. बालवाडीच्या दाराबाहेर चपलांची रांग लागली होती, आतून उदबत्तीचा वास येत होता. एका काकांचा "हॅलो, हॅलो, चेक" असा आवाज चालू होता. दादा दारापर्यंत आला, चपलांकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "गॅस चालू राहिलाय गं वरती."

"मी बघितलाय, बंद आहे."

"नाही. चालू आहे."

तो लिफ्टकडे वळला. मी मागे गेले. वर येऊन त्यानं गॅसपाशी जाऊन बटण बंदच आहे हे बघितलं, पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद केलं आणि खुर्चीत बसला. मी शिरा केला. त्यानं दोन चमचे खाल्ला, तोही माझं तोंड बघून.

पुढे कितीतरी रविवार असेच गेले. मी डबे न्यायचे आणि मागच्या आठवड्याचे डबे आणायचे. ते स्वच्छ धुतलेले असायचे. आतलं कुठं गेलं हे मी विचारत नव्हते.

एकदा समोरच्या दारातल्या मावशींनी मला लिफ्टपाशी गाठलं. मावशी मूळच्या कणकवलीकडच्या, त्यांचे यजमान गिरणीत होते. जुन्या वस्तीत त्या आमच्या मागच्याच गल्लीत राहायच्या. इथं लॉटरीत दार समोर आलं म्हणून वहिनीला काय आनंद झाला होता!

"गो बाय," मावशी म्हणाल्या, "तुझ्या दादाक मी रोज आमटी देतंय. घेता, थँक्यू म्हणता, नि दार लावता. आमच्यात थँक्यू म्हटला की समजायचा, माणूस लांब गेलो."

"काय करू मावशी? कुणाशी बोलतच नाही तो."

"बोलता तर!" मावशी म्हणाल्या. "रोज सांजेक बोलता. मी काय भितीक कान लावन बसणंय नाय हां. पण पॅसेजात दिवो लावक इलंय की आयकाक येता. वाईच बोलता, थांबता, परत बोलता. कोणतरी आत असल्यासारखा."

"कोण येतं?"

"कोण येणा नाय गो," मावशी हळूच म्हणाल्या. "मी बघलंय ना दारात."

मी त्या दिवशी लवकर निघाले नाही. स्वयंपाकघरात भांडी लावायच्या निमित्तानं रेंगाळत राहिले. आमच्या घरांना स्वयंपाकघर म्हणजे एक ओटा आणि अर्धी भिंत. सात वाजले तसा दादा उठला. तोंड धुतलं. भिंतीवरच्या तसबिरींपुढे मेणबत्ती लावली आणि खाली बसला. मी आहे हे तो विसरला असावा किंवा त्याला फरक पडत नसावा.

त्यानं पहिली ओळ म्हटली. आवाज तोच, फक्त बारीक झालेला. आणि मग तो थांबला.

मला वाटलं, विसरला. पण तो विसरला नव्हता. मान थोडी उजवीकडे कलती होती. वहिनी नेहमी त्याच्या उजवीकडे बसायची. तो बराच वेळ थांबला. मग दुसरी ओळ. पुन्हा थांबला. या वेळी मला कळलं की हा कुणाला तरी वेळ देतोय. शेवटच्या वर्षी वहिनीला एक ओळ एका दमात म्हणता यायची नाही. दोन शब्द, मग मशीनची घुरघुर, मग दोन शब्द, मग शेवटचा शब्द कसाबसा. आणि जन्मभर घाई केलेला हा माणूस तिची ओळ पुरी होईपर्यंत बसून राहायचा. ते मी पाहिलेलं होतं. आता मशीन परत गेलं होतं, वहिनी नव्हती, आणि हा अजूनही तेवढाच थांबत होता.

पाचही शीलं त्यानं अशीच म्हटली. मी हातात ताट धरून ओट्याशी उभी होते. ताट ठेवलं तर आवाज होईल म्हणून ठेवता येत नव्हतं.

झाल्यावर मी बाहेर आले. माझ्या जिभेला हाड नाहीच.

"दादा, मध्ये थांबतोस ते..."

"ती म्हणते ना," दादा म्हणाला. सहज, पाणी आलंय म्हणून सांगावं तसं. मग माझा चेहरा बघून म्हणाला, "येडा नाही झालो गं. माहितीये मला. पण म्हणते."

त्या दिवशी तो अख्खी अर्धी भाकरी जेवला. वंदनेनंतर तो रोज थोडं जेवतो, हे मला तेव्हा कळलं.

इथं एखादी शहाणी बाई गप्प बसली असती. मी मुलुंडला परत येताना रिक्षात हिशेब मांडला तो असा. दादा अजून वंदना म्हणतो. त्याला मागून म्हणणारं कुणीतरी हवंय. खाली रोज संध्याकाळी मागून म्हणणारी माणसं बसलेली असतात, आणि दादा खाली जात नाही. तर माणसांनी वर यावं. इतकं सोपं! मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "त्याला विचार." या वेळी मी विचारलं. खरंच विचारलं.

दादानं हातातल्या पेपराची घडी घालून तो बाजूला ठेवला. मग म्हणाला, "तुला बरं वाटणार असेल तर बोलव."

मी हे होकार म्हणून घेतलं. घरात कुणी माझ्या बऱ्या वाटण्याचा विचार करतंय याचा मला आनंदही झाला, हे लिहायला लाज वाटत नाही.

विहारातल्या काकांना मी भेटले, ते माईकवाले. काका भला माणूस. वस्तीत कुणाचं मयत असो, पहिला खांदा काकांचा. ते म्हणाले, "ताई, आम्ही तर कधीपासून म्हणतोय, दादांना एकटं सोडायचं नाही. पुढच्या रविवारी वंदना आणि वाचन त्यांच्या घरी. ठरलं. जयभीम."

त्या रविवारी मी सकाळपासून तिथं होते. खीर केली. चटया समोरच्या मावशींकडून आणल्या. दादानं स्वतः दाढी केली, पांढरा शर्ट घातला. तसबिरींना हार घातले. हार दोन्हीकडून सारखे आले का ते मागे सरकून बघितलं, आणि मला इतकं बरं वाटलं की मी मोबाईलवर फोटो काढून सगळ्या भावंडांना पाठवला. खाली लिहिलं, ‘दादा माणसांत!’

साडेसातला माणसं आली. दहाबारा असतील. एवढ्याशा खोलीत गुडघ्याला गुडघा लागला. मला वस्तीतल्या खोलीची आठवण झाली. मावशीही आल्या. "माका येणा नाय तुमचा, पण बसतंय," म्हणत दारापाशी टेकल्या. काकांनी खांद्यावर अडकवायचा स्पीकर आणला होता. दहा बाय बाराच्या खोलीत! मी म्हटलं, "काका, ऐकू येतंय सगळ्यांना." काका म्हणाले, "असू द्या ताई, शेवटच्या माणसापर्यंत गेलं पाहिजे." शेवटचा माणूस हाताच्या अंतरावर होता.

माईक दादाच्या हातात दिला. त्यानं तो खाली ठेवला आणि पहिली ओळ म्हटली.

आणि सगळे मागून म्हणाले. एका दमात, खणखणीत, जशी खाली म्हणतात तशी. खाली जरा घाईच असते. बायकांना स्वयंपाक पडलेला असतो, कुणाला रात्रपाळीला निघायचं असतं. ओळ म्हटली आणि संपली.

दादा थांबला.

सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याची मान उजवीकडे कलली होती. उजवीकडे एक पोरगी बसली होती, तिला वाटलं आपलं काही चुकलं. ती ओढणी सारखी करायला लागली. दादा थांबलाच. मी मनात म्हणत होते, म्हण रे, म्हण पुढचं. काकांनी कनवाळूपणे पुढच्या ओळीचा पहिला शब्द हळूच सांगितला.

दादानं काकांकडे बघितलं. मग त्यानं दुसरी ओळ म्हटली. पुन्हा सगळे धडाधडा म्हणाले, पुन्हा तो थांबला, पुन्हा काकांनी शब्द सांगितला. तिसऱ्यांदा आणखी दोघांनी सांगितला. प्रेमानं. परीक्षेत अडलेल्या पोराला सांगावा तसा. कुणीतरी पुटपुटलं, "होतं असं, दुःखात माणूस विसरतो."

तो काही विसरलेला नव्हता हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मी तोंड उघडून सांगू शकले असते. पण काय सांगणार होते? जरा थांबा, वहिनीचं व्हायचंय?

चौथ्या ओळीला दादानं माईक उचलून काकांच्या हातात दिला. "तुम्ही घ्या," म्हणाला. काकांनी घेतला. पुढचं सगळं काकांनी खणखणीत म्हटलं, आणि दादा सगळ्यांबरोबर मागून म्हणाला. त्याचे ओठ हलत होते. मग वाचन झालं, तीनदा "साधु" म्हणून साधुकार झाला, खीर झाली. जाताना प्रत्येकानं दादाचे हात हातात घेतले. काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "बघितलंत ना ताई, शेवटी म्हणायला लागले. आता दर महिन्याला करू." त्यांचे डोळे भरून आले होते. मी त्यांना उरलेल्या खिरीचा डबा बांधून दिला.

मावशी चटया गोळा करताना एवढंच म्हणाल्या, "माणसां बरी आसत गो. पण लय मोठ्यान म्हणतत."

पुढच्या आठवड्यात मी मावशींना फोन केला.

"येतो का आवाज?"

"नाय," मावशी म्हणाल्या. "त्या दिसापासून नाय."

"एकदाही?"

"नाय गो बाय. काल मी दिवो लावन उभी रवलंय पॅसेजात. टीवी पण नाय. काय नाय."

मी धावत गेले. दादा खुर्चीत बसला होता. मेणबत्तीचं पाकीट तसंच होतं. मी विचारलं, वंदना का थांबवलीस? तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो समजावून सांगायला लागला, लहानपणी मला गणित समजावायचा तसा.

"अगं, मी एक ओळ म्हणतो. मग थांबतो. आधी तिथं तिचा आवाज यायचा. खरंच यायचा. दोन शब्द, मग श्वास, मग दोन शब्द. आता थांबलो की तुम्ही सगळे म्हणता. एकदम. काका, ती पोरगी, तूपण. तिला मध्ये शिरायलाच मिळत नाही."

"होईल रे कमी. दिवस गेले की विसरायला होईल."

"तुमचा विसर पडेल तोवर तिचाही पडेल," दादा म्हणाला.

मी डबा उघडून ठेवला. त्यानं झाकण लावलं. जेवण आता वंदनेच्या मागून येत नव्हतं, म्हणजे येतच नव्हतं. वजनकाटा डॉक्टरांकडे होता, पण मला कॉलर पुरेशी होती. काका दर दोन दिवसांनी दाराशी येऊन "जयभीम दादा, खाली या" म्हणत होते. दादा आतून "जयभीम" म्हणत होता आणि दार उघडत नव्हता. भावंडांच्या ग्रुपवर अजून त्या फोटोखाली हार, फुलं आणि हात जोडलेले आकार येत होते.

ऑफिसातल्या त्या बाई पुन्हा आल्या, पुढच्या भागासाठी. आम्हाला डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं. मला माझा श्वास सापडेना. दोन शब्द, मशीनची घुरघुर, दोन शब्द, हेच ऐकू येत होतं. मी डोळे उघडले तर सगळं ऑफिस डोळे मिटून हसऱ्या चेहऱ्यानं बसलं होतं. मी उठून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

शेवटचा उपाय मी परवाच्या रविवारी करून बघितला. तो कुणालाही सांगितला नव्हता, नवऱ्यालाही नाही, कारण तो म्हणाला असता, "त्याला विचार." सात वाजता मी मेणबत्ती लावली. दादा खुर्चीतच बसला होता, त्याला खाली बसायला मी सांगितलं नाही. मी स्वतः पहिली ओळ म्हटली. माझा आवाज मेला फाटका, पण म्हटली. आणि थांबले. वहिनीला लागायचा तेवढा वेळ थांबायचं मी ठरवलं होतं. मी मनात तिची ओळ म्हणत होते, दोन शब्द, श्वास, दोन शब्द. मग दुसरी ओळ म्हटली. पुन्हा थांबले. मागे खुर्ची करकरली. मला वाटलं, तो खाली बसायला उठतोय.

"पुरे," दादा म्हणाला.

मी वळले.

"तू बरोबर थांबतेस," तो म्हणाला. "पण तू थांबतेस. ती थांबायची नाही गं. ती म्हणायची."

त्यानं पुढे येऊन हाताच्या वाऱ्यानं मेणबत्ती विझवली. तोंडानं फुंकर मारली नाही. मग म्हणाला, "निघ आता. घरी वाट बघत असतील."

"तू काहीतरी खा, मी निघते."

"खातो."

"माझ्यासमोर खा."

"जा गं," तो म्हणाला, आणि मला दारापर्यंत सोडायला आला. समोर मावशींचा दिवा जळत होता. लिफ्ट येईपर्यंत दादा दारात उभा राहिला, आणि लिफ्टचं दार लागायच्या आधी त्यानं घराचं दार लावलं. कडीचा आवाज आला.

खाली वंदना चालू झाली होती. मला बघून काकांनी हातानंच "या, या" केलं. मी चपला काढल्या आणि शेवटी भिंतीला टेकून बसले. पाचसहा माणसंच होती. काकांनी ओळ सांगितली, सगळे मागून म्हणाले, आणि मी तोंड उघडेपर्यंत त्यांचं म्हणून झालं होतं. पुढच्या ओळीला तसंच झालं. तिसऱ्या ओळीला मी सगळ्यांच्या नंतर एकटीच म्हणत राहिले, दोन शब्द, मग श्वास, मग दोन शब्द. पुढे बसलेल्या बाईनं वळून माझ्याकडे बघितलं आणि समजूतदारपणे मान हलवली. काका माझ्यासाठी थांबले. मी हात करून त्यांना म्हटलं, तुम्ही चालू ठेवा.